सोलापुरातली ऐक्य प्रार्थना आणि आत्मिक जागृती

ऐक्य प्रार्थना म्हणजे वेगवेगळ्या चर्चच्या लोकांनी एका जागी जमून, आधी ठरवलेल्या विषयांवर, एकमनाने केलेली प्रार्थना. सोलापुरात हिला संयुक्त प्रार्थना असंही म्हणतात आणि तरुण पोरं सरळ युनायटेड प्रेयर म्हणतात. यात कुणाला आपलं चर्च सोडायचं नसतं की आपली उपासनेची पद्धत बदलायची नसते, फक्त महिन्यातली एखादी संध्याकाळ सगळ्यांनी मिळून देवापुढे बसायचं असतं. तिच्या जोडीने येणारा विषय म्हणजे आत्मिक जागृती, म्हणजे मंडळी (एका चर्चचे सगळे लोक) थंड पडलेली असताना लोकांना पुन्हा पापाची जाणीव होणं, देवाच्या वचनाची, म्हणजे बायबलची, भूक लागणं, तुटलेली नाती सांधली जाणं. दोन्ही एकाच नोंदीत मुद्दाम घेतलंय, कारण जागृतीच्या ज्या मोठ्या घटना इतिहासात नोंदल्या गेल्यात त्यांच्या आधी बहुतेक वेळा थोडीशी लोकं कुठेतरी एकत्र गुडघ्यावर आलेली दिसतात.

बायबलमधला आधार सगळ्या मंडळ्या एकच देतात. पकडला जायच्या रात्री येशूने शिष्यांसाठी जी प्रार्थना केली (योहान १७) तिच्यात त्याने हेच मागितलं की हे सगळे एक व्हावेत म्हणजे जगाचा विश्वास बसेल, आणि पुढे प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात माडीवरच्या खोलीत बायका-पुरुष सगळे मिळून एकचित्ताने प्रार्थनेत टिकून राहिलेले दिसतात, त्यानंतर पेन्टेकॉस्टचा, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो, दिवस येतो. सोलापुरात संयुक्त सभेत कुणीही पाळक (चर्चचे धर्मगुरू) बोलायला उभे राहिले तरी ह्या दोनपैकी एक उतारा निघतोच.

इतिहास

जर्मनीत हेर्नहुट गावात १७२७ ला आपसात भांडणाऱ्या मोरेव्हियन (एका प्रोटेस्टंट पंथाच्या) लोकांचा समेट झाला आणि त्यांनी तासातासाने पाळी लावून जी अखंड प्रार्थना सुरू केली ती शंभर वर्षांहून जास्त चालली असं सांगतात. न्यूयॉर्कला सप्टेंबर १८५७ मध्ये जेरेमाया लॅनफियर नावाच्या गृहस्थांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत प्रार्थना ठेवली, पहिल्या दिवशी सहा जणं आली आणि काही महिन्यांत अशा दुपारच्या प्रार्थना अमेरिकेतल्या शहराशहरात भरायला लागल्या. अलीकडचं म्हणाल तर फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या ॲस्बरी विद्यापीठात एक रोजची उपासना संपलीच नाही, दोन आठवड्यांच्या आसपास चालू राहिली, त्याचे व्हिडिओ सोलापुरातल्या तरुण संघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुद्धा फिरले.

पण जगभर एकाच आठवड्यात सगळ्या चर्चनी मिळून प्रार्थना करायची ही हाक भारतातून गेली, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. पंजाबात लुधियाना इथल्या मिशनऱ्यांनी १८५८ मध्ये जगातल्या ख्रिस्ती लोकांना विनंती पाठवली की १८६० च्या जानेवारीचा दुसरा आठवडा सगळ्यांनी मिळून प्रार्थनेत घालवू या, आणि इव्हँजेलिकल अलायन्स ह्या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या संघटनेने ती उचलून धरली, तिथून वर्षाच्या सुरुवातीचा प्रार्थना सप्ताह रूढ झाला. दुसरा सप्ताह म्हणजे १८ ते २५ जानेवारीचा ख्रिस्ती ऐक्यासाठीचा, तो १९०८ ला अमेरिकेत पॉल वॉटसन यांनी सुरू केला, आणि १९६८ पासून त्याच्या प्रार्थना व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून तयार करतात. तिसरा म्हणजे मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा जागतिक प्रार्थना दिन. तो बायकांनी उभा केलेला आहे, दरवर्षी वेगळ्या देशातल्या बायका त्याची उपासना लिहितात आणि सोलापुरात सुद्धा त्या दिवशी वेदीपासून दानपेटीपर्यंत सगळं महिला मंडळच बघतं.

आता केडगाव. सोलापूरच्या माणसाला जागृती म्हटलं की लांब बघायची गरज नाही, पुण्याला जाताना दौंड सोडलं की थोड्या वेळाने केडगाव स्टेशन लागतं, तिथलं मुक्ती मिशन. पंडिता रमाबाईंनी १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्यात आलं आणि नंतर १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या अनाथ मुलीबाळींसाठी केडगावच्या माळावर हे सगळं वाढत गेलं. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये १९०४ ला जागृती आली, तिची बातमी ऐकून रमाबाईंनी जानेवारी १९०५ मध्ये मुलींना विचारलं की रोज खास प्रार्थनेला कोण येईल, तेव्हा सत्तरेक जणी तयार झाल्या. जूनपर्यंत तो आकडा साडेपाचशेच्या घरात गेला आणि ह्या सगळ्या जणी दिवसातून दोनदा जमत होत्या. जूनच्या शेवटी काय झालं त्याची वर्णनं त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलीत, मुली रडून पापं कबूल करत होत्या, एकमेकींची माफी मागत होत्या, शाळेचे तास बाजूला राहिले, आणि मग त्याच मुलींच्या तुकड्या आजूबाजूच्या गावांत शुभवर्तमान सांगायला निघाल्या. ह्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला ही वाटते की सुरुवात कुठल्या बाहेरून आणलेल्या मोठ्या वक्त्यापासून झाली नाही, दुष्काळात सगळं गमावलेल्या मराठी पोरींच्या प्रार्थनेपासून झाली.

सोलापूरची पार्श्वभूमी

अमेरिकन मराठी मिशनचं काम १८१३ ला मुंबईत, १८३१ ला अहमदनगरला आणि १८६० च्या दशकात सोलापुरात सुरू झालं. शाळा, बालवाडी, दुष्काळातल्या अनाथ मुलांची सोय अशी कामं झाली आणि ब्रिटिश सरकारने ज्यांच्यावर गुन्हेगार जमाती असा शिक्का मारला होता त्या लोकांची सेटलमेंट (कुंपणातली वसाहत) सुद्धा काही काळ ह्याच मिशनकडे चालवायला दिली होती. तारेच्या कुंपणात लोकांना कोंडून ठेवणारा तो कायदा अन्यायाचाच होता, देशभरात तो १९५२ ला रद्द झाला, आणि मिशनने केलेल्या चांगल्या कामाबरोबर ही बाजू सुद्धा सांगितली पाहिजे.

रंगभवनजवळचं फर्स्ट चर्च ह्याच परंपरेतलं. हे मिशन काँग्रिगेशनल वळणाचं, म्हणजे प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपण बघायचा. १९२४ ला काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन (वडीलमंडळाने कारभार चालवणारी) चर्च मिळून उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अमेरिकन परंपरेतलं मेथडिस्ट चर्च मात्र शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिलं. कागदावरचं ऐक्य असं टप्प्याटप्प्याने आलं, पण शेजारच्या गल्लीतली मंडळी आपली वाटायला कागद पुरत नाही, आणि तिथे ऐक्य प्रार्थनेचं काम सुरू होतं.

शिवाय सोलापूर हे मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू-दखनी बोलणारं शहर आहे. विणकर आणि गिरणी कामगार म्हणून तेलंगणातून आलेली घरं, कर्नाटकची हद्द लागून असल्यामुळे कानडी घरं. त्यामुळे इथे मंडळ्यांमधली भिंत नुसती पंथाची नसते, भाषेची पण असते. ही भिंत उतरायला सगळ्यात जास्त मदत गाण्यांनी केली असं माझं मत आहे. रेव्ह. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, ते वारले १९१९ ला, पण त्यांची भजनं आणि अभंग आजही कुठल्याही मराठी चर्चमध्ये पेटी-तबल्यावर सुरू झाले की पंथ कुठला हे कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि तेलुगू मंडळीतली माणसं सुद्धा दुसऱ्या कडव्यापासून टाळ्या धरतात.

सभा कशी असते

सोलापूरचा उन्हाळा बघता एप्रिल-मेमध्ये सभा पहाटे पाचला नाहीतर दिवेलागणीनंतर, आणि माईक रात्री दहाच्या आत बंद. जानेवारीतला ऐक्य सप्ताह सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेच्या, दिवसांत येतो, शहर गर्दीने भरलेलं असतं, रस्ते वळवलेले असतात, त्यामुळे जागा निवडताना लांबून येणाऱ्यांची सोय बघावी लागते. सप्ताहात रोज वेगळ्या चर्चमध्ये जमायचं आणि ज्या चर्चमध्ये सभा तिथल्या पाळकांनी संदेश द्यायचा नाही, पाहुण्या पाळकांनी द्यायचा, ही पद्धत फार चांगली, कारण यजमान चर्चच्या लोकांना आपल्याच वेदीवरून दुसऱ्या मंडळीचा माणूस ऐकायची सवय होते.

आत सतरंज्या, कडेला वयस्करांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या, बायकांच्या डोक्यावर पदर नाहीतर ओढणी. दोन-तीन भजनं झाली की विषय सांगतात, पाऊस, उजनीचं पाणी, चार-पाच दिवसांनी येणारा नळ, कारखान्यातली कमी झालेली कामं, घरातली दारू, दहावी-बारावीची पोरं, दवाखान्यात असलेल्यांची नावं, पोलीस, महापालिका, सरकारी अधिकारी. मग चार-पाच जणांचे गोल करायला सांगतात आणि एकच अट असते की एका गोलात एकाच चर्चची माणसं नकोत. अशा गोलात एक जण बापा म्हणून मराठीत सुरू करतो, शेजारच्या तेलुगू आजी तंड्री म्हणत आपलं बोलत असतात, पलीकडे कानडी काका तंदे म्हणतात, कुणी भाषांतर करत बसत नाही आणि आमेनला सगळे बरोबर येतात. पहिल्यांदा आलेला माणूस गांगरतो, दुसऱ्या वेळी तोच आजींना हाताला धरून गोलात बसवतो.

चिठ्ठ्यांची पद्धत मला विशेष वाटते. दाराशी ठेवलेल्या स्टीलच्या डब्यात प्रत्येकाने आपली विनंती लिहून टाकायची आणि जाताना दुसऱ्याची चिठ्ठी उचलायची, मग महिनाभर त्या घरासाठी प्रार्थना. नाव लिहायची सक्ती नसते, पण फोन नंबर लिहिलेला असला तर पुढच्या महिन्यापर्यंत दोन घरांची ओळख झालेली असते, आणि अशा ओळखीतून माणसं आजारपणात डबा घेऊन गेलेली आहेत, रक्त द्यायला गेलेली आहेत.

याशिवाय साखळी प्रार्थना असते, दिवसाचे चोवीस तास वाटून घ्यायचे, एका घराने एक तास, रात्रीचे दोन ते चार बहुतेक तरुण संघाकडे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि चर्चची दारं बंद झाली तेव्हा हीच साखळी फोनवर आली. नोकरीसाठी पुण्याला गेलेली सोलापूरची पोरं, जी एरवी सणालाच हुतात्मा एक्सप्रेसने घरी यायची, ती सुद्धा तेव्हापासून ऑनलाइन प्रार्थनेत बसायला लागली.

जागृतीची चिन्हं

इथे सावध राहिलं पाहिजे. गर्दी झाली, साउंड सिस्टीम मोठी आली, लोकं रडली, म्हणजे जागृती आली असं नाही. एका मंडळीची माणसं वाढली आणि ती शेजारच्या मंडळीतूनच आलेली असली तर त्याला पाळकांच्या भाषेत मेंढरं पळवणं म्हणतात, आणि त्याने उलट ऐक्य मोडतं. खरी चिन्हं शोधायची तर सभेनंतरच्या आठवड्यात शोधावीत. वर्षानुवर्षं न बोलणारे दोन भाऊ बोलायला लागले का, उधार घेतलेले पैसे परत गेले का, दारू सुटली का आणि सुटलेली राहिली का, घरात बायकोशी बोलायची भाषा बदलली का, ऑफिसात खोटं बिल लावायचं थांबलं का. केडगावला सुद्धा माफी मागणं आधी आलं.

ह्या मापाने बघितलं तर सोलापुरात आशा वाटावी असं काही दिसतं. दुसऱ्या चर्चमध्ये पाऊल न टाकणारी जुनी माणसं सप्ताहात येतात. तरुण मुलं-मुली लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) चाळीस दिवसांत घरोघरच्या प्रार्थना स्वतः चालवतात, पाळकांची वाट बघत नाहीत. आणि पाळक मंडळी आपसात, माईकशिवाय, नुसती एकमेकांसाठी प्रार्थना करायला बसायला लागली आहेत, हे मला सगळ्यात मोठं चिन्ह वाटतं, कारण मंडळ्यांमधली चढाओढ बहुतेक वेळा पुढच्या बाकांवरूनच सुरू झालेली असते.

अडचणी

बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, पाणी शिंपडून की बुडवून, अन्य भाषांचं दान (प्रार्थनेत आत्म्याने न शिकलेल्या भाषेत बोलणं), ह्यांवर मतभेद आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ ला, इतर ख्रिस्ती लोकांबरोबर प्रार्थनेला मोकळीक दिली पण पवित्र सहभागिता, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस, सगळ्यांनी एकत्र घेणं अजून होत नाही, म्हणून संयुक्त सभेत प्रभुभोजन ठेवत नाहीत. वादाचे विषय संदेशात आणायचे नाहीत, कुणी आपल्या चर्चची पत्रकं वाटायची नाहीत, असं आधीच बोलून घेतात. मिळकतीचे आणि कमिटीचे वाद मात्र प्रार्थनेला फार मारक ठरतात, कोर्टात समोरासमोर उभी राहिलेली माणसं संध्याकाळी एका गोलात बसायला कचरतात. अर्पणाचा प्रश्न सोपा ठेवलेला बरा, सतरंज्या-लाइटचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम त्याच सभेत जाहीर करून कुठल्याही चर्चच्या नावाशिवाय आजारी माणसांच्या औषधाला द्यायची, म्हणजे पुढच्या सभेच्या आधी हिशोबावरून कुरबुर होत नाही.