फुकटचा अँटीव्हायरस टाकायच्या आधी हे बघा

ॲडमिशनचा सीझन आला की ठाणे स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत पेनड्राइव्ह घेऊन लोक उभे असतात, आणि मग घरोघरी तीच तक्रार सुरू होते, पेनड्राइव्ह लावला तर सगळ्या फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतायत, फाइली गेल्या. मग कुणी म्हणतं अमुक फुकटचा अँटीव्हायरस टाक, कुणी म्हणतं तमुक टाक.

फाइली बहुतेक वेळा गेलेल्या नसतातच. हा शॉर्टकटवाला व्हायरस तुमचे खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट बनवून ठेवतो, त्यावर डबल क्लिक केलं की आधी त्याची छोटीशी स्क्रिप्ट चालते आणि लगेच मागोमाग खरा फोल्डरही उघडतो, त्यामुळे आपल्याला वाटतं सगळं नीट चाललंय, तोवर तो पीसीत घुसलेला असतो आणि पुढे लागेल त्या प्रत्येक पेनड्राइव्हवर उतरतो. अशा शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, टार्गेटच्या रकान्यात डब्ल्यूस्क्रिप्ट (wscript) नाहीतर सीएमडी (cmd) असं काहीतरी लांबलचक लिहिलेलं दिसेल. साध्या फोल्डरच्या शॉर्टकटमध्ये असलं काही नसतं. एक्सप्लोररमध्ये हिडन आयटम्स ऑन करा, सिस्टीम फाइली लपवायची टिकपण काढा, तुमचे फोल्डर तिथेच असतात. घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका, तेव्हाच डेटा खरा जातो.

आता अँटीव्हायरस हे पकडतो कसा? जुनी पद्धत म्हणजे सिग्नेचर, म्हणजे माहीत असलेल्या व्हायरसच्या कोडमधला ठरावीक तुकडा, तो फाइलीत सापडला की पकडायचं. हे तपासायला ईकार नावाची टेस्ट फाइल आहे, फक्त ६८ अक्षरांची, ती नुकसान काहीच करत नाही पण जवळपास सगळे अँटीव्हायरस ठरवून तिला व्हायरस म्हणतात, त्यामुळे आपला अँटीव्हायरस जागा आहे का ते कळतं. पण व्हायरस लिहिणारे रोज कोड बदलतात, म्हणून आता प्रोग्रॅम वागतो कसा तेही बघितलं जातं, म्हणजे एखादा प्रोग्रॅम अचानक एकामागून एक शंभर फोटो उघडून पुन्हा वेगळ्या रूपात सेव्ह करायला लागला तर तो रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस, असायची शक्यता मोठी, आणि संशय आला की फाइलीची माहिती कंपनीच्या सर्व्हरला विचारली जाते. एवढं करूनही शंभर टक्के पकडणारा अँटीव्हायरस बनूच शकत नाही, हे फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाने १९८०च्या दशकातच गणिताने सिद्ध केलंय. त्यामुळे जाहिरातीत कुणी शंभर टक्के सुरक्षा म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

माझं मत सरळ आहे. घरच्या विंडोज पीसीला बहुतेकांना वेगळा अँटीव्हायरस लागत नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर आतच येतो. सुरुवातीला तो कमजोर होता हे खरंय आणि तेच नाव लोकांच्या डोक्यात बसलंय, पण जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही लॅब संरक्षण, स्पीड आणि चांगल्या फाइलींना उगाच व्हायरस न म्हणणं याला प्रत्येकी ६ असे १८ पैकी गुण देते आणि अलीकडच्या वर्षांत डिफेंडरला त्यात अनेकदा पूर्ण गुण मिळालेत. त्याची एक कमजोरी लक्षात ठेवा, तो सर्व्हरवर बराच अवलंबून आहे, नेट बंद असताना त्याची पकड ढिली होते. म्हणजे अनोळखी पेनड्राइव्ह लावायचा असेल तर नेट चालू ठेवूनच लावा.

मग बाकीचे फुकटचे? फुकट देणाऱ्या कंपनीचा पगार कुठून निघतो हे विचारायलाच पाहिजे. बहुतेक वेळा पैसे भरा पैसे भरा म्हणणाऱ्या पॉपअपमधून, ते एक वेळ चालेल. पण अव्हास्टचं प्रकरण वाचलं की राग येतो, लोक कुठल्या साइटवर जातात ती माहिती गोळा करून जंपशॉट नावाच्या आपल्याच कंपनीमार्फत विकली जात होती, जंपशॉट २०२० मध्ये बंद झाली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने अव्हास्टला १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. लोकांनी ट्रॅकिंगपासून वाचायला म्हणून टाकलेलं सॉफ्टवेअर होतं ते! आणि अव्हास्ट नको म्हणून एव्हीजी किंवा अविरा टाकायला जाल तर हे सगळे आज नॉर्टनसकट एकाच मालकाचे आहेत, जेन डिजिटलचे. दुसऱ्या नजरेने एकदा तपासून घ्यायचं असेल तर मालवेअरबाइट्सचा फुकटचा स्कॅनर चांगला आहे, ट्रायल संपल्यावर तो आपण सांगू तेव्हाच स्कॅन करतो, त्यामुळे डिफेंडरशी भांडत नाही. कायम जागे असणारे दोन अँटीव्हायरस मात्र एकत्र कधीच ठेवू नका, फाइल उघडली की दोघंही आधी तीच तपासायला धावतात आणि पीसी रांगायला लागतो. आपल्या सरकारचं सायबर स्वच्छता केंद्रही २०१७ पासून बॉट, म्हणजे आपल्या पीसीला दुसऱ्याच्या तालावर नाचवणारे छुपे प्रोग्रॅम, काढायची टूल्स फुकट देतंय, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

त्याच २०१७ सालची गोष्ट नवी मुंबईकरांनी विसरू नये. २७ जूनला नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला आणि न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरामधल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या ग्रुपच्या टर्मिनलचं काम कोलमडलं. सुरुवात युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो पसरत होता त्याचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारी दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, पण तो एका पीसीतून पासवर्ड चोरून नेटवर्कवरच्या दुसऱ्यात पण शिरायचा, त्यामुळे पॅच केलेले पीसीही सुटले नाहीत. म्हणून अपडेट करा आणि रोजच्या वापराला ॲडमिन नसलेलं अकाउंट ठेवा, या दोन्ही गोष्टी कुठला अँटीव्हायरस घेऊ यापेक्षा महत्त्वाच्या वाटतात मला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यावर चांगला अँटीव्हायरस टाकून भागेल असं समजू नका, तो भोक बुजवत नाही.

आणि क्रॅक सॉफ्टवेअर. टाकताना अँटीव्हायरस बंद करा अशी सूचना ज्यात असते त्यासाठी जगातला कुठलाही अँटीव्हायरस निरुपयोगी आहे, दार आपणच उघडून दिलं ना.

पीसी बिघडल्याची शंका आली तर विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन ऑफलाइन स्कॅन लावा, पीसी रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच स्कॅन होतं त्यामुळे लपून बसलेल्यालाही पळायला वाव कमी मिळतो. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून बदला, त्याच पीसीवरून नको. पैसे गेले असतील तर स्कॅनबिन नंतर, आधी १९३० या सरकारी सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन लावा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मधेच अडकवता यायची शक्यता जास्त.