समतोलाचा दंडक आणि १९८७ चा निर्णय

अमेरिकेतील एकतर्फी, आक्रमक राजकीय मतप्रदर्शनाचा विषय निघाला की १९८७ सालचा उल्लेख हमखास होतो. त्या वर्षी ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ हा नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांना विरोधी मतांनाही संधी देण्यास लावणारा दंडक रद्द झाला आणि तेथूनच सारे बिघडले, अशी एक सोयीस्कर मांडणी रूढ झाली आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही. मात्र रद्द झालेला दंडक नेमका काय होता आणि तो कोणाला नको होता, हे त्या मांडणीत हरवते.

वृत्तपत्रांचा प्रश्न येथे थोडक्यात आटोपता येतो. एखाद्या पक्षाची उघड बाजू घेणारी वृत्तपत्रे त्या देशात प्रजासत्ताकाइतकीच जुनी आहेत आणि त्यांच्यावर समतोलाची कायदेशीर सक्ती टिकलेली नाही. टीका झालेल्या उमेदवाराला वृत्तपत्राने उत्तरासाठी जागा दिलीच पाहिजे, असा फ्लॉरिडा राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये रद्दबातल ठरवला. नभोवाणीच्या लहरी मात्र मर्यादित आणि सार्वजनिक मालकीच्या मानल्या गेल्यामुळे केंद्रांना परवाना देणाऱ्या सरकारी आयोगाकडे (आजचा ‘एफसीसी’) प्रथमपासूनच वेगळे अधिकार होते. १९४१ मध्ये आयोगाने केंद्रचालकांना स्वतःची मते मांडण्यास जवळजवळ मज्जावच केला. १९४९ मध्ये ही भूमिका बदलली: मत मांडता येईल, परंतु सार्वजनिक महत्त्वाच्या वादग्रस्त प्रश्नांना वेळ द्यावा लागेल आणि विरोधी मतांनाही वाजवी संधी द्यावी लागेल. म्हणजे हा दंडक बोलण्याची मुभा देतानाच जन्मला, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांना सहसा आठवत नाही.

पेनसिल्व्हेनियातील रेड लायन या गावच्या केंद्रावरून १९६४ मध्ये एका धर्मोपदेशकाने एका लेखकावर टीका केली आणि लेखकाने उत्तरासाठी विनामूल्य वेळ मागितला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व १९६९ मध्ये न्यायालयाने दंडक एकमताने वैध ठरवला. त्याआधी १९६७ मध्ये आयोगाने तो सिगारेटच्या जाहिरातींनाही लावला होता, त्यामुळे धूम्रपानविरोधी संदेशांना लहरींवर वेळ मिळू लागला. मात्र याच दशकात सत्तेतील पक्षाने विरोधी विचारांच्या लहान केंद्रांना जेरीस आणण्यासाठी अशा तक्रारींचा हेतुपुरस्सर वापर केला, हेही पुढे उजेडात आले. दंडकाच्या समर्थकांनी या दोषाकडे फारसे लक्ष दिले नाही.

निर्णायक प्रकरण न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे घडले. तेथील एका दूरचित्रवाणी केंद्राने १९८२ मध्ये अणुऊर्जा प्रकल्पाची भलामण करणाऱ्या जाहिराती दाखवल्या आणि स्थानिक शांततावादी गटाने तक्रार केली. आयोगाने १९८४ मध्ये केंद्राला दोषी ठरवले. वास्तविक तोवर आयोगाची धुरा बाजारपेठेवर भिस्त ठेवणाऱ्या मंडळींकडे आलेली होती. आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी दूरचित्रवाणीचे वर्णन ‘चित्रे दाखवणारा टोस्टर’, म्हणजे आणखी एक घरगुती उपकरण, असे केले होते. १९८५ च्या अहवालात आयोगाने स्वतःच म्हटले की केंद्रांची संख्या प्रचंड वाढली असून दंडकामुळे चालक वादग्रस्त विषयच टाळतात. पुढील वर्षी अपिली न्यायालयाने, दळणवळण कायद्याच्या १९५९ च्या दुरुस्तीने हा दंडक कायद्यात समाविष्ट झालेला नाही, असा निर्वाळा दिला. या निर्वाळ्यामुळे तो रद्द करण्याचा अधिकार आयोगाच्या हाती आला. दंडकाला कायद्याचे रूप देण्यासाठी कायदेमंडळाने घाईने विधेयक आणले. प्रतिनिधिगृहात ते ३०२ विरुद्ध १०२ मतांनी संमत झाले. बंदूकधारकांची बलाढ्य संघटना आणि अनेक परंपरावादी नेते त्याच्या बाजूने होते, कारण मोठ्या वाहिन्या आपल्या विरोधात आहेत आणि उत्तराची संधी केवळ या दंडकामुळे मिळते, अशी त्यांची धारणा होती. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी जून १९८७ मध्ये नकाराधिकार वापरला आणि ४ ऑगस्टला आयोगाने फेरविचारासाठी परत आलेल्या सिरॅक्यूजच्याच प्रकरणात दंडक मोडीत काढला. तक्रार करणाऱ्या गटाला दाद तर मिळालीच नाही, उलट दाद मागण्याचे साधनही त्याच्याच तक्रारीत संपुष्टात आले. लोकनियुक्त सभागृहाचे एवढे मोठे बहुमत धुडकावून हा निर्णय झाला, याचे महत्त्व घटनात्मक युक्तिवादाच्या गर्दीत कमी लेखले जाते.

येथे एक गल्लत दूर करणे आवश्यक आहे. निवडणुकीतील उमेदवारांना समान वेळ देण्याचा नियम स्वतंत्र असून तो कायद्यातच आहे. १९८७ मध्ये त्याला हात लागला नाही.

१ ऑगस्ट १९८८ रोजी सॅक्रामेंटोहून न्यूयॉर्कला आलेल्या रश लिंबॉ या परंपरावादी निवेदकाचा एकतर्फी राजकीय कार्यक्रम देशभर सुरू झाला. दंडक असता तर अनेक केंद्रांनी तो घेण्याचे धाडस केले नसते, हे मान्य करावे लागते. परंतु संगीताचे श्रोते एफएमकडे गेल्यामुळे एएम केंद्रे ओस पडली होती, उपग्रहाद्वारे एकच कार्यक्रम शेकडो ठिकाणी पोहोचवता येत होता आणि केंद्रांकडून रोख रकमेऐवजी जाहिरातींची काही मिनिटे घेण्याची पद्धत त्यांना परवडणारी होती. १९९६ च्या कायद्याने नभोवाणी केंद्रांच्या मालकीवरील राष्ट्रीय मर्यादा उठवली आणि एका कंपनीकडे हजाराहून अधिक केंद्रे गेली. त्याच वर्षी जुलै व ऑक्टोबरमध्ये अनुक्रमे एमएसएनबीसी व फॉक्स न्यूज या दोन केबल वृत्तवाहिन्या सुरू झाल्या, ज्यांनी पुढे एकमेकींविरुद्ध राजकीय बाजू घेतल्या. लहरींच्या टंचाईवर उभा असलेला दंडक केबलला कितपत लागू झाला असता, याविषयी शंका आहे.

२००७ मध्ये प्रतिनिधिगृहानेच ३०९ विरुद्ध ११५ मतांनी दंडक पुन्हा लागू करण्यास वर्षभरासाठी मनाई केली. २०११ मध्ये नियमावलीतील त्याचे उरलेसुरले उल्लेखही काढले गेले. तेव्हापासून वादाचे केंद्र न्यायालयांकडे सरकले. २०२० मध्ये याच परस्परविरोधी वाहिन्यांवरील दोन निवेदकांविरुद्धचे बदनामीचे दावे जवळजवळ एकाच तर्काने फेटाळले गेले: जाणता प्रेक्षक अशा कार्यक्रमातील विधाने वस्तुस्थिती म्हणून नव्हे, मत म्हणून घेतो. मात्र मतयंत्रांच्या एका कंपनीने फॉक्स न्यूजविरुद्ध केलेल्या बदनामीच्या दाव्यात हा बचाव चालला नाही आणि एप्रिल २०२३ मध्ये वाहिनीने ७८.७५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाच्या अध्यक्षांनी एका विनोदी निवेदकाच्या टिप्पणीवरून परवानाधारक केंद्रांना ‘सार्वजनिक हिता’ची जाणीव करून दिली आणि कार्यक्रम काही दिवस बंद राहिला. १९८७ मध्ये आयोगाला मजकुरापासून दूर ठेवू पाहणाऱ्या राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्याच पक्षाचे हे अध्यक्ष होते. परवान्याचा हा धाक केबलवाहिन्या व पॉडकास्टना नाही. अधिक टोकाचे मतप्रदर्शन मुख्यतः तेथेच चालते.