ऑक्टाव्हिया की लॉरा? दोन नावं, एकच घराणं, आणि तरी गाड्या दोन

सेकंडहँड गाड्यांच्या जाहिराती चाळत बसलात की हे कॉम्बिनेशन हमखास सापडतं. एक २००७ची स्कोडा ऑक्टाव्हिया, एक २००७ची स्कोडा लॉरा, दोन्ही सिल्व्हर, दोन्ही डिझेल, दोन्हींवर १.९ टीडीआय (टर्बो डिझेल इंजिनाचं नाव) लिहिलेलं, आणि मग कुणीतरी विचारतंच की लॉरा म्हणजे ऑक्टाव्हियाचं टॉप मॉडेल का हो? तर नाही. काही जण तिला फेसलिफ्ट, म्हणजे त्याच गाडीला दिलेला नवा चेहरा, समजतात, तेही नाही. लॉरा ही ऑक्टाव्हियाची पुढची पिढी आहे, युरोपात तिला सरळ ऑक्टाव्हियाच म्हणतात, आपल्याकडे तेवढं तिचं वेगळं बारसं झालं आणि तिथून जो घोळ सुरू झाला तो अजून निस्तरलेला नाही.

थोडा इतिहास सांगतो, त्याशिवाय हे डोक्यात बसणार नाही. चेक रिपब्लिकमधल्या म्लादा बोलेस्लाव्हला लॉरिन आणि क्लेमेंट या दोघांनी १८९५ मध्ये सायकलींपासून धंदा सुरू केला, त्याचीच पुढे स्कोडाची कार कंपनी झाली. १९९१ मध्ये फोक्सवॅगन आत आली आणि १९९६ मध्ये नवी ऑक्टाव्हिया आली (नाव जुनंच, १९५९ मध्येही एक ऑक्टाव्हिया निघाली होती, पण नाव सोडलं तर दोघींचा काही संबंध नाही). ही नवी गाडी फोक्सवॅगन गोल्फच्या चौथ्या पिढीच्या प्लॅटफॉर्मवर (म्हणजे खालच्या सांगाड्यावर) उभी होती, आणि गंमत अशी की गोल्फ स्वतः १९९७ला आली, म्हणजे गरीब चुलतबहीण आधी बाजारात आणि घरची लाडकी नंतर.

आपल्याकडे २००१ मध्ये स्कोडाने तेव्हाच्या औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्रा एमआयडीसीत काम सुरू केलं, बाहेरून सुटे भाग यायचे आणि इथे जोडून ऑक्टाव्हिया बाहेर पडायची. तोपर्यंत या साइझची गाडी म्हणजे पेट्रोल असंच बहुतेकांच्या डोक्यात, त्यात ही डिझेल, दणकट, दार लावलं की धप्प आवाज, हायवेला स्थिर, आणि ॲव्हरेज लहान गाडीसारखं. डॉक्टर, बिल्डर, वकील सगळे तिच्यावर तुटून पडले.

२००४ मध्ये युरोपात दुसरी पिढी आली. पण स्कोडाने पहिली बंद केली नाही, तिला टूर असं नाव लावून २०१० पर्यंत कमी किमतीत विकत राहिले. भारतात दुसरी पिढी २००५ मध्ये आली तेव्हा इथेही पहिली मस्त खपत होती, ती बंद करायचा प्रश्नच नव्हता, आणि एका घरात दोन बाळू ठेवले तर हाक मारायची पंचाईत, म्हणून जुनीला ऑक्टाव्हियाच ठेवलं आणि नवीला लॉरा केलं. पुढे २०१० पर्यंत दोन्ही शेजारी शेजारी विकल्या. म्हणून पासिंगचं वर्ष बघून पिढी ओळखायला गेलात की फसलात, २००९ची ऑक्टाव्हिया ही २००५च्या लॉरापेक्षा नवी गाडी आणि जुनं डिझाइन, असा उलटा प्रकार आहे. मग २०१३ मध्ये तिसरी पिढी आली आणि तिला परत ऑक्टाव्हिया नाव दिलं, लॉरा नाव गेलं. म्हणजे आपल्याकडचा क्रम असा: ऑक्टाव्हिया, लॉरा, ऑक्टाव्हिया, ऑक्टाव्हिया. ज्यांना हे माहीत नाही ते २०१३च्या गाडीला "जुनी ऑक्टाव्हिया परत आली" म्हणतात, पण तिची खरी आई लॉरा आहे.

आता दोघींत फरक कुठे पडतो ते. मापं बघा, मापांतच सगळी गोष्ट आहे. पहिली ऑक्टाव्हिया ४५०७ मिमी लांब, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २५१२. गोल्फ चारचा व्हीलबेसही जवळपास तेवढाच, पण ती गाडी सव्वाचार मीटरच्याही आतली. म्हणजे स्कोडाने गोल्फच्या चाकांवर पस्तीसेक सेंटिमीटर जास्त लांबी चढवली आणि ती बहुतेक मागच्या चाकांच्या मागे गेली. परिणाम? डिकी ५२८ लिटरची, लग्नाला निघालेल्या घराच्या बॅगा एका दमात बसतात, पण मागच्या सीटवर उंच माणूस बसला की गुडघे पुढच्या सीटला टेकलेच. पहिल्या ऑक्टाव्हियाबद्दल कुणीही तक्रार केली तर ती हीच असते.

लॉरा ४५७२ मिमी, व्हीलबेस २५७८. वजाबाकी करा: लांबी ६५ मिमीने वाढली आणि व्हीलबेस ६६ने. म्हणजे वाढलेली जागा सगळीच्या सगळी दोन चाकांच्या मध्ये घातली, आणि तरी डिकीही ५६० लिटर झाली. गुडघ्यांना थोडा श्वास मिळाला, पण थोडाच, कारण हा व्हीलबेसही गोल्फचाच, फक्त पाचव्या पिढीच्या गोल्फचा. हे जोखड सुटलं ते तिसऱ्या पिढीत. तिथे एमक्यूबी नावाचा प्लॅटफॉर्म आला, त्यात पुढचं चाक ते पेडल एवढंच अंतर सगळ्या गाड्यांना सारखं, बाकीचं हवं तसं ताणा, त्यामुळे ऑक्टाव्हियाला २६८६चा स्वतःचा व्हीलबेस मिळाला, गोल्फपेक्षा चांगला लांब. मागे पाय पसरून बसायचं असेल तर उत्तर लॉरा पण नाही आणि जुनी ऑक्टाव्हिया तर नाहीच नाही.

एक मात्र सगळ्या पिढ्यांत कायम. लांबून सेडान दिसते, पण डिकी उघडली की मागची काचही सोबत वर जाते. फ्रिजचं खोकं सेडानमध्ये जाणार नाही, इथे सीट पाडून जातं.

खाली वाकून बघितलं तर दुसरा फरक. जुन्या ऑक्टाव्हियात मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा टॉर्शन बीम आहे, साधा, स्वस्त, खड्ड्यात एक चाक आपटलं की दुसऱ्यालाही थोडं कळतं. लॉरात मागचं प्रत्येक चाक वेगळ्या वेगळ्या दांड्यांवर, म्हणजे मल्टीलिंक. १९९८ मध्ये फोर्ड फोकसने या वर्गात मल्टीलिंक आणून सगळ्यांची झोप उडवली होती, मग फोक्सवॅगनने पाचव्या गोल्फमध्ये तेच केलं आणि तिच्याबरोबर लॉरालाही मिळालं. वळणावर, घाटात हा फरक खरंच जाणवतो. पण बुश (सांध्यांतली रबरं) जास्त, सांधे जास्त, म्हणजे जुनी झाली की मागून खडखड ऐकू येण्याच्या जागाही जास्त, टेस्ट ड्राइव्हला म्युझिक बंद ठेवा आणि स्पीडब्रेकरवरून एक चाक आधी एक चाक नंतर अशी तिरकी न्या. स्टिअरिंगही बदललं, जुनीत हायड्रॉलिक, पंप आणि तेल, लॉरात इलेक्ट्रिक.

आता इंजिन, कारण खरी फसगत इथे होते. दोन्हींवर १.९ टीडीआय लिहिलेलं असतं आणि लोक म्हणतात इंजिन तर सेम आहे. ब्लॉकचं घराणं एक, बरोबर, पण डिझेल सिलिंडरमध्ये पोचवायची पद्धत पूर्ण वेगळी. जुन्या ऑक्टाव्हियात एकच फिरता पंप, त्यातून चार पोलादी नळ्या चार इंजेक्टरकडे जातात, ताकद ९० पीएस, टॉर्क म्हणजे ओढ २१० एनएम. लॉराच्या १.९ मध्ये पीडी सिस्टिम, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पंप आणि इंजेक्टर एकाच नगात, आणि त्याला वरून दाबणारा कॅमशाफ्ट, त्या कॅमवर व्हॉल्व्हच्या उंचवट्यांशिवाय इंजेक्टर दाबायचे वेगळे उंचवटे. प्रेशर २००० बारच्या वर जातं. त्यामुळे १०५ पीएस आणि २५० एनएम, पिकअप अंगावर येतो. पण एवढं प्रेशर तयार करायचं ओझं त्या कॅमशाफ्टवर, म्हणून तेल योग्य ग्रेडचंच लागतं, फोक्सवॅगनचा ५०५.०१ हा स्पेक पीडीसाठीच आहे. वर्षानुवर्षं कोपऱ्यावरच्या गॅरेजात "कुठलंही चांगलं तेल" ओतलेली पीडी घेऊ नका, कॅम झिजलेला निघाला तर स्वस्तात मिळालेली गाडी स्वस्त राहत नाही.

ओळखायचं कसं? बॉनेट उघडा, इंजिनवरचं प्लास्टिकचं झाकण काढायला सांगा. वर चार इंजेक्टर आणि त्यांना येणाऱ्या चार धातूच्या नळ्या उघड्या दिसतायत आणि सगळ्या नळ्या एका गोल पंपाकडे चालल्यात, तर ते जुनं पंपवालं. नळ्याच दिसत नाहीत, सगळं व्हॉल्व्ह कव्हरच्या आत, तर पीडी. आणि तिसरा प्रकार आहे, नंतरच्या लॉरात आलेलं २.० टीडीआय कॉमन रेल, सीआर म्हणतात ते, ११० आणि १४० पीएस अशा दोन ताकदींत. त्यात एक सामाईक जाड नळी दिसते आणि तिच्यातून इंजेक्टरना फाटे. आवाज पीडीपेक्षा कितीतरी कमी. सुरुवातीच्या लॉरात २.० पीडीही होतं, १४० पीएसचं, म्हणून नुसतं "टू लिटर आहे" एवढ्यावर खूश होऊ नका. टायमिंग बेल्ट मात्र या सगळ्या डिझेलना आहे आणि तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, तेव्हा कधी बदलला याचं बिल मागा. तोंडी "आत्ताच केलाय" चालत नाही.

गिअरबॉक्सचं थोडक्यात. जुन्या ऑक्टाव्हियात डीएसजी (दोन क्लचचं ऑटोमॅटिक) नव्हतंच, विषय संपला. लॉरा डिझेल ऑटोमॅटिकमध्ये सहा स्पीडचं, तेलात बुडालेल्या क्लचचं, वेळच्या वेळी तेल बदललं तर बरं चालतं. १.८ टीएसआय पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये सात स्पीडचं कोरड्या क्लचचं, त्याच्या मेकॅट्रॉनिकबद्दल (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) कुठल्याही स्कोडावाल्याला विचारा, चहा संपेल पण गोष्ट संपणार नाही.

बाहेरून ओळखायला सोपं आहे. लॉरावर मागे लॉरा लिहिलेलं असतं, पण हौशी लोक बॅज बदलून ऑक्टाव्हिया लावतात, वर आरएस (स्पोर्टी मॉडेलचा बॅज) पण चिकटवतात. म्हणून दिवे बघा, लॉराचे मागचे दिवे रात्री इंग्रजी सी अक्षरासारखे पेटतात. तेही बदललेले वाटले तर चॅसिस नंबर. कंपनीच्या आतल्या भाषेत पहिली वन-यू (1U) आणि दुसरी वन-झेड (1Z), चॅसिस नंबरात सहसा सातव्या आठव्या जागी हेच येतं. पार्टच्या स्टिकरवरही हीच खूण. वन-यू किंवा वन-जे ने सुरू होणारा नंबर जुन्या ऑक्टाव्हियाच्या घरचा (वन-जे म्हणजे गोल्फ चार), वन-झेड किंवा वन-के लॉराच्या घरचा (वन-के म्हणजे गोल्फ पाच). दुकानात नुसतं "ऑक्टाव्हियाचा लिंक रॉड द्या" म्हणालात तर कुठल्याही पिढीचा मिळेल. लॉरावाल्यांना अजून एक फायदा, २००८ला आलेली फोक्सवॅगन जेट्टा त्याच प्लॅटफॉर्मची आणि तीही शेंद्र्यातच जोडलेली, त्यामुळे खालचे बरेच पार्ट जेट्टाचे चालतात.

आरएसवाल्यांची एक जखम पण सांगून टाकतो. जुनी ऑक्टाव्हिया आरएस बाहेर १८० पीएसची, आपल्याला १५०ची दिली. लॉरा आरएस बाहेर २०० पीएसची, आपल्याला १.८ टीएसआय, १६०ची, म्हणजे जी साध्या लॉरात होती तीच. स्टिकर मात्र दोन्ही वेळा पूर्ण साइझचे. खरी आरएस आली ती २०१७ मध्ये, तिसऱ्या पिढीची, २३० पीएस. आणि एल अँड के हा बॅज दिसला तर ते लॉरिन आणि क्लेमेंटचं, ट्रिमचं (व्हेरिएंटचं) नाव आहे, लॉराचं लघुरूप नाही.

मग घ्यायची कुठली? कमी खर्चात, साधी, गावच्या मेकॅनिकलाही उघडता येईल अशी हवी तर जुनी ऑक्टाव्हिया डिझेल, पण मागे लहान मुलंच बसणार असतील तर. रोज चालवायची, हायवे जास्त, तर लॉरा सीआर मॅन्युअल, माझं मत विचाराल तर या सगळ्या खानदानात सगळ्यात शहाणी गाडी तीच. पीडी लॉरा फक्त सर्व्हिस हिस्ट्री पूर्ण असेल तरच. आरसी बघायला विसरू नका, १५ वर्षं झाली की रिन्यू करून पर्यावरण कर भरावा लागतो, तो कोण भरणार ते टोकन द्यायच्या आधी ठरवा. आणि डिझेलच हवं असेल तर तिसऱ्या पिढीच्या पुढे जायचं कारण नाही, २०२१ला आलेली चौथी आपल्याकडे फक्त २.० टीएसआय पेट्रोलमध्ये मिळाली आणि २०२३ मध्ये तीही बंद झाली.