क्लिअरन्स ‘रद्द’ झाला म्हणजे नेमके काय? : पार्श्वभूमी

अमेरिकेत सरकारी नोकरांची कसून चौकशी करण्याची पद्धत १९५३च्या अध्यक्षीय आदेशाने पक्की झाली. पण क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची सरकारी परवानगी, गेलेल्या माणसाच्या वाट्याला पुढे काय येते, ते ठरले १९८८च्या निकालात.

वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टन इथे ट्रायडंट या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांच्या दुरुस्ती तळावर एक मजूर कामाला होता. जुने गुन्हे होते, त्यांतले काही त्याने अर्जात सांगितले नव्हते. क्लिअरन्स नाकारला गेला आणि नोकरीही गेली. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी सांगितले की क्लिअरन्स हा कोणाचा हक्क नाही; सरकारी नोकरांची अपिले ऐकणाऱ्या मंडळाने फक्त प्रक्रिया पाळली का ते बघावे, कारणांत शिरू नये. क्लिअरन्स नाकारणे म्हणजे चारित्र्यावर ठपका नव्हे, असेही त्याच निकालात आहे. हे वाक्य पुढे कोणी फारसे मनावर घेतले नाही, याचे वाईट वाटते.

कारण खरा गुंता क्लिअरन्सच्या अर्जातल्या एका प्रश्नात आहे. क्लिअरन्स कधीही नाकारला, स्थगित किंवा रद्द झाला होता का? इतर बऱ्याच प्रश्नांना सात किंवा दहा वर्षांची मर्यादा असते, इथे ‘कधीही’. सोबतची टीप मात्र सांगते की प्रशासकीय समाप्ती म्हणजे रद्द होणे नव्हे. नोकरी सोडली, कंत्राट संपले, म्हणून क्लिअरन्स बंद झाला, तर उत्तर ‘नाही’. लेखी कारणे देऊन, बाजू मांडायची संधी देऊन काढून घेतला, तर ‘होय’. चौकशी सुरू असताना राजीनामा दिला तर? प्रकरण निकालाविना अर्धवट राहते. ‘रद्द’ शिक्का नसतो, पण आधी स्थगिती आली असेल तर उत्तर ‘होय’च. घाबरून ‘नाही’ लिहिणाऱ्याने मूळ कारणापेक्षा मोठे संकट ओढवून घेतले असे समजावे. जाणूनबुजून खोटे लिहिणे हा संघीय गुन्हा आहे.

क्लिअरन्स न लागणाऱ्या पदांसाठी निकष वेगळे असतात. तिथे रद्द होणे एवढ्यानेच दार बंद होत नाही, पण त्यामागचे वर्तन तपासले जाते.

२०१३मध्ये एका अपील न्यायालयाने १९८८चा नियम गोपनीय कागद न हाताळणाऱ्या ‘संवेदनशील’ पदांनाही लावला. त्या खटल्यातले कर्मचारी होते एक हिशेबनीस आणि लष्करी किराणा दुकानांच्या व्यवस्थापनातला कर्मचारी. नियम इतका ताणणे न पटणारे आहे.

पूर्वी क्लिअरन्स असलेल्यांची फेरतपासणी पाच किंवा दहा वर्षांनी व्हायची. आता न्यायालयीन आणि कर्जाच्या नोंदी सतत तपासल्या जातात.