फड सिंचन पद्धती

नदीवर बंधारा बांधून वळवलेले पाणी गावाने ठरवलेल्या क्रमाने, एका गटातील सर्व शेतांना एकाच पिकासाठी देण्याची सामूहिक सिंचनव्यवस्था. महाराष्ट्राच्या वायव्य भागात, म्हणजे मुख्यतः धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम व आरम या नद्यांच्या खोऱ्यांत ती सुमारे 300 ते 400 वर्षांपासून चालत आली आहे. बंधारे, पाट आणि पाणी या तिन्हींची देखभाल व वाटणी लाभधारक शेतकरी स्वतःच करत आले, हे तिचे मुख्य वैशिष्ट्य होय.

या नद्या सह्याद्रीच्या पूर्व उतारावर उगम पावतात. पांझरा पुढे तापीला मिळते, तर मोसम आणि आरम गिरणेला. डोंगरात पाऊस भरपूर पडतो, पण खाली साक्री आणि बागलाण तालुक्यांच्या सपाटीवर तो झपाट्याने कमी होत जातो. त्यामुळे पावसाळा संपल्यावरही काही महिने वाहणारे नदीचे पाणी हाच रब्बीचा आधार ठरतो. नदीपात्राला चांगला उतार असल्याने कमी उंचीचा बंधारा घालूनही पाणी पाटाने काठावरच्या शेतांपर्यंत नेता येते. शिवाय वरच्या बंधाऱ्याखालील शेतांत मुरलेले पाणी काही अंशी पाझरून पुन्हा पात्रात उतरते आणि खालच्या बंधाऱ्याला मिळते. एकाच नदीवर एकामागून एक बंधारे उभे राहू शकले, त्यामागे हेही एक कारण आहे.

एका बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सगळ्या जमिनीला थळ म्हणतात. थळाचे सामान्यतः चार भाग पाडलेले असतात आणि त्यांतील प्रत्येक भाग म्हणजे फड. फडाचा आकार जागेनुसार बदलतो. काही फड 10 हेक्टरांचे असतात, तर काही 200 हेक्टरांपर्यंत जातात. बंधाऱ्यापासून निघणारा पाट, त्याच्यापासून फुटणाऱ्या चाऱ्या, चारीतून शेतात पाणी नेणारे सारंग आणि जास्तीचे पाणी नदीत परत सोडणारे सांडवे अशी एकूण रचना असते. सांडव्यांकडे बाहेरच्या निरीक्षकाचे लक्ष सहसा जात नाही. काळ्या जमिनीत पाणी साचून राहिले की ती चोपण, म्हणजे क्षार साचून कडक, होऊन वाया जाते, आणि शेतात पाणी आणण्याची सोय करताना ते बाहेर काढण्याची सोयही करावी लागते, हे या पद्धतीच्या कर्त्यांनी नीट ओळखले होते.

पद्धतीचा गाभा मात्र बांधकामात नाही, पिकाच्या निर्णयात आहे. हंगामापूर्वी थळातील शेतकरी एकत्र बसून नदीचा प्रवाह पाहतात आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे ठरवतात. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, आणखी एखादा फड पाण्याविना ठेवायचा, अशी ती वाटणी असते. पुढच्या वर्षी फड बदलतात. एका फडात एकच पीक असल्याने सर्व शेतांची पाण्याची पाळी एकाच वेळी येते. उसाच्या शेजारी गव्हाचे शेत नसते, त्यामुळे एकाला जास्त पाणी आणि दुसऱ्याला ओलाव्याचा त्रास असे सहसा घडत नाही. फेरपालटीमुळे जमिनीचा कसही टिकतो. पाऊस कमी झाला तर भिजवायच्या फडांची संख्या घटवली जाते. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असते, म्हणून एक फड कोरडा ठेवल्याचा तोटा एकट्यादुकट्यावर न पडता सर्वांमध्ये विभागला जातो. पाण्याच्या टंचाईत न्याय कसा करावा या प्रश्नाला दिलेले इतके सरळ उत्तर क्वचितच आढळते. एरवी दोष मानला जाणारा जमिनीचा विखुरलेपणा येथे उपयोगी पडतो.

शेतकरी स्वतः पाणी भरत नाही. हे काम पाटकऱ्याचे. तो फावड्याने चारीच्या तोंडावरची माती बाजूला सारतो, वाफा पुरेसा भिजला की तीच माती परत लोटून दार बंद करतो आणि शेजारच्या शेताकडे वळतो. मालक शेतावर हजर असो वा नसो, पाण्याचा क्रम बदलत नाही. पाटकऱ्यांवर हवालदार देखरेख करतो आणि उभ्या पिकाची राखण जागल्याकडे असते. या सर्वांचा मोबदला पूर्वी क्षेत्राच्या प्रमाणात धान्याच्या रूपाने दिला जाई. तंटे थळातील पंच सोडवतात. हंगामाआधी पाटातील गाळ काढणे आणि फुटलेले काठ बांधणे हे काम लाभधारकांच्या श्रमातून होते.

ब्रिटिश काळात मुंबई प्रांतासाठी 1879 चा सिंचन कायदा आला, तरी गावाची दैनंदिन व्यवस्था बऱ्याच अंशी पूर्वीसारखीच राहिली. खरा बदल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. आरमवर केळझर आणि मोसमवर हरणबारी अशी धरणे झाली आणि जो प्रवाह बंधाऱ्यांवर आपोआप येई, तो धरणातून ठरावीक वेळी सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर, म्हणजे आवर्तनांवर, अवलंबून राहू लागला. त्याच काळात विहिरी आणि विजेचे पंप वाढले. स्वतःची विहीर असलेल्या शेतकऱ्याला फडाच्या पिकाचे बंधन जाचू लागले आणि तो मनाजोगते पीक घेऊ लागला. अशी काही शेते बाहेर पडली की पाटकऱ्याचा क्रम तुटतो, पाट साफ करणारे हात कमी होतात आणि उरलेल्यांवरचा भार वाढतो. फडांचा ऱ्हास एकाच कारणाने झाला असे म्हणणे बरोबर नाही, पण भूजलाचा वैयक्तिक उपसा हे त्यातील सर्वांत खोल कारण मानावे लागते; कारण विहिरीचे पाणीही बऱ्याच अंशी त्याच पाटांच्या आणि शेतांच्या पाझराचे असते.

महाराष्ट्राने 2005 मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींचे व्यवस्थापन करण्याविषयी कायदा केला. त्यानुसार लाभधारक शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेला घनमापन पद्धतीने, म्हणजे आकारमानाने मोजून, पाणी मिळते, आणि मंजूर कोट्याच्या मर्यादेत पीक निवडण्याची मोकळीक सभासदांना असते. फड पद्धतीत पाण्याचे मोजमाप नव्हते, पिकाचे बंधन मात्र होते. नव्या व्यवस्थेत नेमके उलट आहे. कोट्यात राहून पीक निवडण्याची मोकळीक शेतकऱ्याला हवीशी वाटते हे खरे, परंतु शेजाऱ्याच्या शेतातील निचरा, जमिनीचा कस आणि टंचाईच्या वर्षातील वाटणी हे प्रश्न केवळ कोट्याने सुटत नाहीत.

पांझरा आणि मोसम खोऱ्यांत काही थळांमध्ये फड पद्धती बदललेल्या रूपात आजही चालू आहे. तेथे ऊस आणि गव्हाबरोबर भाजीपाल्याची शेतेही आता दिसतात, आणि पाटकऱ्याचा मोबदला धान्याऐवजी रोखीने दिला जातो.