पाठीच्या कण्याला सुई लागत नाही

“भावाला बोनमॅरो (हाडांतला रक्त बनवणारा गर) दिला की पाठीचा कणा जातो, पोरगा जन्माचा अधू होतो,” असं आमच्या चोपड्याकडे अजून सांगतात. हे ऐकून माझ्या आत्यानं तीन रात्री डोळा लावला नाही. खरं म्हणजे कण्याला कुणी हातही लावत नाही. बहुतेकदा दात्याला ४-५ दिवस इंजेक्शनं देतात, मग रक्त बनवणाऱ्या मूळपेशी मॅरोतून रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, पेशी वेगळ्या होतात, उरलेलं दुसऱ्या हातातून परत. चार-सहा तास. हाडं ठणकतात, तेही दात्याला आधीच सांगा. मॅरोच काढायचा असेल तर भूल देऊन, कमरेखालच्या, खुब्याच्या वरच्या हाडातून, कण्यातून नाही. तो काही आठवड्यांत भरून येतो. सख्ख्या भावंडाशी पेशींचा प्रकार पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्केच, त्यात अशी भीती! आत्याच्या धाकट्यानं मुंबईला पेशी दिल्या. महिन्याभरात तो केळीच्या बागेत घड उतरवत होता.