सकाळचे पोहे आणि रक्तातली साखर

टाइप 2 मधुमेह असलेल्या अनेकांना एक कोडे पडलेले असते. रात्रीच्या जेवणानंतर काहीही खाल्लेले नसते, तरीही सकाळची उपाशीपोटीची साखर झोपतानापेक्षा जास्त भरते. ही साखर ताटातून नव्हे, यकृतातून आलेली असते. पहाटे शरीरात कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन यांसारखी संप्रेरके वाढतात, त्यांच्या प्रभावाने यकृत रक्तात ग्लुकोज सोडू लागते, आणि इन्सुलिन अपुरे पडत असल्यामुळे किंवा शरीर त्याला दाद देत नसल्यामुळे या पुरवठ्याला आवर बसत नाही. डॉक्टर याला ‘डॉन फिनॉमिनन’ म्हणतात.

नेमक्या याच वेळी न्याहारी समोर येते. डेसिलिटरला 100 मिलिग्रॅम या हिशेबाने पाच लिटर रक्तात एका वेळी जेमतेम 5 ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे चहाचा एक चमचा. साठ ग्रॅम कोरड्या पोह्यांच्या बशीत सुमारे 45 ग्रॅम कर्बोदके असतात. बटाटा घातला की आणखी. निरोगी माणसात खाणे सुरू होताच स्वादुपिंड इन्सुलिनचा पहिला लोट सोडते आणि यकृताला थांबण्याचा इशारा मिळतो. टाइप 2 मधुमेहात हा पहिला लोटच क्षीण झालेला असतो, त्यामुळे यकृताचा नळ चालूच राहतो आणि वरून पोह्यांची बादली ओतली जाते. दुपारच्या जेवणात कर्बोदके जास्त असूनही दिवसातली सर्वांत मोठी उसळी पुष्कळदा न्याहारीनंतरच दिसते, ती यामुळे.

पोहे तयार होतानाच साळ भिजवून, भाजून चेपलेली असते, त्यामुळे त्यांतला स्टार्च पचायला सोपा झालेला असतो. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्चच; ‘उपासाचे हलके’ हे त्याचे वर्णन साखरेच्या बाबतीत अजिबात खरे नाही. शेंगदाण्याचे कूट आणि तूप पचनाचा वेग थोडा कमी करतात, पण कर्बोदके तेवढीच राहतात.

मग न्याहारी टाळावी का? टाइप 2 मधुमेहींवरील प्रयोगांत असे दिसले आहे की न्याहारी वगळल्यास दुपारच्या जेवणानंतरची साखर जास्त चढते, कारण लांबलेल्या उपाशीपणात रक्तातली मेदाम्ले वाढलेली राहतात आणि स्नायू इन्सुलिनला कमी दाद देतात. त्यापेक्षा खाण्याचा क्रम बदलणे अधिक हाती लागणारे आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयाच्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात त्याच व्यक्तींना तेच जेवण दोन क्रमांनी दिले गेले. चिकन आणि भाज्या आधी, पाव आणि संत्र्याचा रस पंधरा मिनिटांनी, असे केल्यावर तासाभरानंतरची साखर सुमारे 37 टक्क्यांनी कमी भरली. सहभागी अवघे 11 होते, तेव्हा हा आकडा फार ताणू नये. पण उकडलेले अंडे किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ आधी आणि पोहे अर्धी बशी नंतर, एवढा बदल आपल्या घरात सहज जमतो.

परिणाम पाहायचा तर ग्लुकोमीटरने न्याहारीपूर्वी आणि नंतर दोन तासांनी साखर मोजावी. हे दोन तास बशी रिकामी झाल्यापासून नव्हे, पहिल्या घासापासून धरायचे असतात, आणि तेव्हाचा आकडा 180 च्या खाली असावा असे साधारणपणे सांगितले जाते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (इन्सुलिनचा स्राव वाढवणारी गोळी) घेणाऱ्यांनी मात्र कर्बोदके एकदम कमी करू नयेत, कारण डोस तोच राहिला आणि पोहे अर्धे झाले तर अकराच्या सुमारास साखर फार खाली जाऊन घाम फुटू शकतो, हात थरथरू शकतात. आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा.